एसीच्या घरातल्या युनिटमधून पाणी गळतंय? गॅस भरून घेण्याआधी हे तपासा

भिंतीवरच्या स्प्लिट एसीतून खोलीत पाणी गळणं हा एकच बिघाड मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा निस्तरलाय की कोणी फोनवर ‘एसी गळतोय’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाहेरच्या नळीतून पाणी पडतंय का? आमच्या घरचे दोन एसी, आईच्या खोलीतला एक, मावशीचा, वरच्या मजल्यावरच्यांचा. मी या धंद्यातली नाही. पण बहुतेक वेळा पाना-पक्कड हातात न घेताच काम झालं, आणि जिथे झालं नाही तिथे कुठे थांबायचं हे आधीच ठरलेलं होतं. तोच क्रम इथे मांडतेय. खिडकीतल्या एसीबद्दलही शेवटाकडे थोडं आहे.

लक्षणं

हात लावण्याआधी तासभर नुसतं बघा. युनिटच्या बरोबर खाली जमिनीवर वर्तमानपत्राचे मोठे कागद पसरून ठेवा. थेंब कुठे पडले ते कागदावर स्पष्ट दिसतं, आणि पाणी कुठून येतं, केव्हा येतं, या दोन गोष्टींतच निम्मं उत्तर असतं.

- एका कोपऱ्यातून पाणी भिंतीवर ओघळतंय, थंडावा मात्र नेहमीसारखा आहे. बाहेरच्या नळीतून पाणी पडत नाही किंवा अगदीच कमी पडतंय. पाण्याची वाट तुंबली आहे.
- स्विंगच्या (हवेची दिशा वळवणाऱ्या) पट्टीवर दव जमून तिथूनच थेंब पडताहेत, बाकी सगळं ठीक. बहुतेक वेळा हा बिघाडच नसतो.
- हवेबरोबर बारीक तुषार उडताहेत. ब्लोअर (आतला लांब गोल पंखा) किंवा कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्या आणि पत्रे) मळलेली आहे.
- थंडावा कमी झालाय, हवेचा झोत मंद झालाय, आणि एसी बंद केल्यावर अर्ध्या-एक तासाने धो-धो पाणी येतं. आत बर्फ जमतोय आणि वितळतोय.
- गुडगुड आवाज येतोय, पाणी अधूनमधून गळतं. नळीत हवा अडकतेय.
- युनिट कोरडं आहे, पण खाली किंवा बाजूला भिंतीतच ओल येतेय. पाइपलाइनचं वेष्टण गेलंय किंवा भिंतीतला जोड सुटलाय.

यातलं चौथं लक्षण सगळ्यांत जास्त फसवतं. एसी चालू असताना एक थेंब नाही आणि बंद केल्यावर तळं, असं झालं की लोक ड्रेन पाइप, म्हणजे पाणी बाहेर नेणारी नळी, साफ करत बसतात. पाइप बिचारा मोकळाच असतो. इतकं पाणी एकदम आलं की ते ट्रेमध्ये मावत नाही, एवढंच.

पाणी मुळात येतं कुठून

हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप समजतात. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तसंच एसीच्या आतल्या कॉइलचं होतं. ३० अंश तापमानाच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा २५ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली की त्यात जेमतेम साडेअकरा ग्रॅम उरतं. मधलं पाणी कॉइलवर थेंब होऊन खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ड्रेन पाइपातून बाहेर जातं. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी सहज काढतो. म्हणजे रात्रभरात बादलीभर.

पाणी काढणं हे एसीचं मूळ कामच आहे. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती माणसांना गार वाटावं म्हणून नव्हती. दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून हवेतला ओलावा ताब्यात ठेवायचा होता.

तेव्हा गळणारं पाणी बघून घाबरू नका. एसी पाणी तयार करतोय हे बरोबरच आहे. फक्त ते वाट चुकलंय. कुठे चुकलं ते शोधायचं. आणि भिंतीवरच्या बहुतेक युनिटांत पाणी ढकलायला पंप नसतो, ते केवळ उतारावर वाहतं, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कुठेही अर्धा सेंटिमीटर चढ आला की ते थांबतं.

कव्हर उघडण्याआधी

रिमोटने बंद केलेला एसी खरा बंद नसतो, आतल्या सर्किटला वीज मिळतच असते. कव्हर उघडायचं असेल तर एमसीबी (एसीची वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली करा आणि घरात बाकीच्यांना सांगून ठेवा, म्हणजे कोणी मध्येच वर करणार नाही. चढायला पलंगाची कड, फिरती खुर्ची, एकावर एक ठेवलेली स्टुलं चालणार नाहीत. न हलणारी शिडी आणि ती धरायला एक माणूस हवा. कॉइलचे पत्रे कागदाइतके पातळ आणि धारदार असतात, बोटं कापतात. हातमोजे घाला. विजेच्या जोडण्यांची पेटी बहुतेक युनिटांत उजव्या बाजूला असते. तुमच्या युनिटात ती कुठे आहे ते बघून ठेवा, कारण पुढे पाणी ओतायचं आहे.

१. वापरण्याची पद्धत

हे तपासायला काहीच लागत नाही, म्हणून पहिलं. बाल्कनीचं दार उघडं आहे, एसी १६ किंवा १८ अंशांवर आहे आणि पंखा सगळ्यांत मंद वेगावर आहे, अशी स्थिती असेल तर स्विंगच्या पट्टीवर घाम येणारच. पट्टी आतल्या हवेने १२–१४ अंशांपर्यंत गार झालेली असते आणि बाहेरची दमट हवा थेट तिच्यावर येऊन आदळते. दारं-खिडक्या बंद करा, तापमान २४ ते २६ ठेवा, पंखा मध्यम किंवा जलद करा. तासाभरात थेंब थांबले तर शिडी काढायची गरजच नाही.

दाराखालच्या फटीही बघा. खोली गळकी असेल तर एसी बाहेरची वाफ आत ओढून तिचं पाणी करत राहतो आणि त्याला कधीच उसंत मिळत नाही.

२. फिल्टर

पुढचं कव्हर वर उचललं की दिसणाऱ्या दोन जाळ्या म्हणजे फिल्टर. ते उजेडापुढे धरा. पलीकडचं दिसत नसेल तर गळतीचं कारण कदाचित हातातच आहे.

कारण असं: कॉइलवरून पुरेशी हवा गेली तरच ती ८–१० अंशांच्या आसपास राहते. फिल्टर बुजला की हवा अडते, कॉइलला उष्णता मिळत नाही, तिचं तापमान शून्याच्या खाली जातं आणि दवाचा बर्फ होतो. बर्फाने हवा आणखी अडते, मग आणखी बर्फ. एसी बंद केला की हा सगळा बर्फ एकदम वितळतो, आणि तेच ते ‘बंद केल्यावर येणारं पाणी’.

फिल्टर कोमट पाण्याखाली धुवा, उलट्या बाजूने धार सोडा म्हणजे धूळ आत न घुसता बाहेर पडते. गरम पाण्याने जाळी वाकडी होते, कडक उन्हात चौकट वाकते. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी हे काम करायचं. आईकडे मी कॅलेंडरवर तारखांभोवती गोल करून दिलेत, कारण ‘मागेच तर धुतला’ हे ‘मागे’ दर वेळी तीन महिन्यांपूर्वीचं निघायचं.

कॉइलवर बर्फ दिसला तर तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. पत्र्यांमागे पातळ नळ्या आहेत. एक टोचा बसला की कॉइलच बदलावी लागते. कूलिंग बंद करून एसी फक्त फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा, खाली टब आणि जुने टॉवेल ठेवा. बर्फ आपला आपण जातो.

३. ड्रेन पाइपचं बाहेरचं टोक

ते गॅलरीत किंवा जमिनीवर उभं राहून हाती लागत असेल तरच बघा. खिडकीतून बाहेर वाकून किंवा छज्ज्यावर उतरून नाही, कितीही जवळ वाटलं तरी नाही.

मावशीकडचा किस्सा सांगते. तिचा एसी दर दोन दिवसांनी गळायचा आणि मधल्या दिवशी अगदी व्यवस्थित चालायचा. मी फोनवर विचारलं, “मावशी, नळी कुठे सोडली आहेस?”

“बादलीत. पाणी फरशी पुसायला होतं ना.”

“टोक पाण्यात बुडतं का गं?”

“बुडतं की. मग काय झालं? पाणी बादलीतच जातंय.”

तिथेच अडत होतं. टोक पाण्यात बुडलं की नळीतली हवा दोन्ही बाजूंनी कोंडली जाते: वर ट्रेमधलं पाणी, खाली बादलीतलं. ट्रेमध्ये पाण्याची उंची असते जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, तेवढ्या जोराने ते कोंडलेली हवा बाहेर ढकलू शकत नाही. बादली रिकामी केली की एसी शहाणा व्हायचा, भरली की पुन्हा गळायचा. आता नळी बादलीच्या काठाच्या वर बांधलेली आहे आणि प्रश्न संपला.

ते पाणी फरशी पुसायला खुशाल वापरा. दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी प्यायचं मात्र नाही. ते कॉइलवरची धूळ, बुरशी आणि धातूचे अंश घेऊन आलेलं असतं.

टोकाशी आणखी काय बघायचं: नळी कुठे पिळली किंवा चेपली आहे का, मध्येच खाली लोंबून पुन्हा वर चढते का, गांधीलमाशीने किंवा कोळ्याने तोंडाशी घर केलंय का. उतार दर मीटरला निदान एक सेंटिमीटर तरी हवा. लोंबलेल्या भागात पाणी साचतं, त्यात चिखल बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बूच तयार.

गुडगुड आवाजाचं कारणही इथेच सापडतं. खोली घट्ट बंद असताना स्वयंपाकघरातला किंवा बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची भरपाई म्हणून बाहेरची हवा मिळेल त्या भोकातून, म्हणजे ड्रेन पाइपातूनही, आत येते. ती ट्रेमधल्या पाण्यातून बुडबुडे काढत येते आणि पाण्याला उतरू देत नाही. एक्झॉस्ट बंद करा किंवा खिडकी बोटभर उघडा. आवाज थांबला तर निदान पक्कं.

४. पाणी ओतून बघा

माझा सगळ्यात जास्त भरवसा याच तपासणीवर आहे. एमसीबी खाली. फिल्टर काढा. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडा आणि विजेच्या पेटीच्या विरुद्ध टोकाला, कॉइलच्या खालच्या भागावर अर्धा लिटर पाणी हळूहळू सोडा. घाई नको, पाच मिनिटं लागू देत. दुसऱ्या कोणाला तरी बाहेरच्या टोकाशी उभं करा.

मिनिटभरात बाहेर धार लागली आणि जवळजवळ सगळं पाणी गेलं, तर वाट मोकळी आहे, पुढच्या मुद्द्यावर जा. बाहेर काहीच नाही आणि आत ट्रे भरत आला, तर लगेच ओतणं थांबवा. वाट बंद आहे.

तुंबलेली नळी नेहमी बाहेरून ओढून साफ करायची. आतून फुंकर मारली किंवा पंप लावला तर घाण पुढे जाऊन आणखी घट्ट बसते. बाहेरून फुंकली तर ती ट्रेमध्ये परत येते आणि चार दिवसांत पुन्हा तीच कथा. पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची नळी ड्रेनच्या टोकाला लावा, जोडावर ओलं फडकं घट्ट गुंडाळा आणि दोन मिनिटं चालवा. साधा, फक्त कोरड्या धुळीचा व्हॅक्यूम वापरू नका, त्याच्या मोटारीत पाणी गेलं तर झटका बसू शकतो. व्हॅक्यूम नसेल तर मोठी सिरिंज, छोट्या रबरी नळीने जोडून. तोंडाने ओढायचा मोह मात्र अजिबात नको.

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे असंच ओढलं तेव्हा आधी काहीच झालं नाही, मग फक् करून करंगळीएवढा राखाडी जेलीसारखा गोळा बाहेर आला. त्यात केस होते, डासाचे पंख होते, भिंतीच्या रंगाचा एक पोपडा होता. त्यामागून साठलेलं सगळं पाणी काळंभोर वाहून गेलं. काकूंना त्याआधी एकाने दोनदा गॅस भरून दिला होता. गॅसचा आणि त्या गोळ्याचा काडीचाही संबंध नव्हता, हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं.

हा गोळा म्हणजे ओलसर अंधारात वाढलेले जिवाणू, बुरशी आणि त्यांना चिकटलेली धूळ. साफ झाल्यावर कपभर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून त्याच वाटेने सोडा, अर्ध्या तासाने साधं पाणी सोडा. ब्लीच किंवा फरशी घासायचं ॲसिड वापरू नका. ॲल्युमिनियमचे पत्रे आणि तांब्याच्या नळ्या खराब होतात. आणि व्हिनेगर व ब्लीच एकत्र तर कधीच नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

५. युनिट सरळ आहे का

गवंडी वापरतात ती पाणसळ युनिटच्या वरच्या कडेवर ठेवा. मोबाइलमधली पातळी दाखवणारी सोयही चालते, पण मोबाइल सपाट कडेवर ठेवायला हवा. युनिट समतल हवं किंवा ड्रेनच्या बाजूला किंचित उतरतं. उलट्या बाजूला पाच-सात मिलिमीटर झुकलं तरी ट्रेमधलं पाणी ड्रेनपासून दूर साचतं आणि त्या कोपऱ्यातून ओघळतं.

नव्याने बसवलेला एसी पहिल्याच आठवड्यात गळत असेल तर मी सगळ्यात आधी हेच बघते. जुन्या युनिटात भिंतीतले स्क्रू सैल झालेले असतात. हे फक्त तपासायचं, दुरुस्त करायचं नाही. युनिट हाताने उचलून सरळ करायला गेलात तर मागची तांब्याची नळी वाकते, जोडाला चीर पडते आणि पाण्याच्या गळतीला गॅसची गळती येऊन मिळते.

६. दुसऱ्या तोंडाचं बूच

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पुष्कळ युनिटांच्या ट्रेला डावीकडे आणि उजवीकडे अशी दोन तोंडं असतात. नळी एकाला जोडतात, दुसऱ्याला रबरी बूच लावतात. हे बूच सैल झालं किंवा पडलं की त्या बाजूने सरळ पाणी येतं.

आमच्या बेडरूमचा एसी धुऊन घेतला आणि दुसऱ्याच रात्री डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला. उजवीकडची नळी मोकळी, फिल्टर चकचकीत, पातळी बरोबर. टॉर्च मारून ट्रेच्या डाव्या टोकाला बघितलं तर काळं भोक. बूच खालच्या कपाटावर पडलेलं सापडलं, अंगठ्याच्या पेराएवढं. ते दाबून बसवलं आणि आजतागायत थेंब नाही. तेव्हा धुलाईनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर आधी बूच, मग नळीचा जोड, मग नीट न बसलेला ट्रे, या क्रमाने बघा. हे कव्हर न काढता दिसत नसेल तर ज्यांनी धुतलं त्यांनाच परत बोलवा.

७. ब्लोअर आणि कॉइल

एमसीबी खाली असतानाच स्विंगची पट्टी हलक्या हाताने उघडून आत टॉर्च मारा. लांब, लाटण्यासारखा गोल ब्लोअर दिसेल. त्याची पाती स्वच्छ असतील तर कडा धारदार दिसतात. मळलेला असेल तर पात्यांच्या खोबणीत मखमलीसारखा काळा-राखाडी थर भरलेला असतो. अशी पाती हवा नीट ढकलत नाहीत, वर ओलावा धरून थेंब बाहेर फेकतात. कुबट वासही इथूनच येतो.

कॉइलवरची वरवरची धूळ मऊ ब्रशने, पत्र्यांच्या दिशेने वरून खाली झाडता येते. आडवा ब्रश मारला तर पत्रे मुडपतात. ब्लोअरची खोल सफाई मात्र घरी करू नका. त्यासाठी युनिटभोवती पिशवी बांधून, विजेचा भाग झाकून पाणी मारावं लागतं. मी एकदाही स्वतः केलेलं नाही आणि करणारही नाही.

८. वेष्टण

आउटडोअरकडे, म्हणजे बाहेरच्या युनिटकडे, जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांवर काळा फोम असतो. तो फाटला, उन्हाने चुरा झाला की थंड नळी उघडी पडते आणि तिच्यावर दव धरतं. हे पाणी ट्रेमध्ये जातच नाही, थेट भिंतीत मुरतं. हाती लागणाऱ्या भागावर तेवढ्याच व्यासाचा फोम चढवून टेप गुंडाळा, सांध्यात फट नको. भिंतीतल्या भागासाठी मात्र माणूस बोलवावा लागतो.

९. शेवटी गॅस

फिल्टर स्वच्छ, ब्लोअर स्वच्छ, झोत जोरदार, तरीही कॉइलच्या एका भागावरच बर्फ आणि बाकीची कोरडी. आउटडोअरला जोडलेल्या दोन नळ्यांपैकी बारीक नळीवर बर्फाचा थर. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत एरवी साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असायचा, तो आता तीन-चार अंशांवर आलेला. अशा वेळी गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, दाबाबरोबर तापमान शून्याखाली जातं, म्हणून बर्फ. साफसफाईत कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर जागेवरून सुटला तरी असा बर्फ धरू शकतो, तोही बघायला सांगा.

इथे तुमचं काम संपलं. आता माणूस बोलवा. पण बोलावताना एवढं माहीत असू द्या: एसीतला गॅस खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. ‘दर वर्षी गॅस भरावा लागतो’ हे खरं नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार. गॅसबरोबर थोडं तेलही फिरतं, त्यामुळे गळक्या जोडाभोवती बऱ्याचदा तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. तो डाग दिसला तर दाखवून द्या.

नीट काम करणारा माणूस आधी गळती शोधतो, साबणाचं पाणी लावून किंवा नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून. मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढतो. मग आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसता दाब बघून गॅस भरणं भरवशाचं नसतं. पाटीवर गॅसचं नावही असतं. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन. हे गॅस असलेल्या एसीला जोडकाम करताना खिडक्या उघड्या हव्यात, आणि नळ्यांत गॅस असताना कोणी नळ्या जोडायच्या बर्नरची ज्योत लावत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. भीड बाळगू नका.

थांबा आणि माणूस बोलवा

पाणी विजेच्या पेटीवर, डिस्प्लेवर किंवा प्लगवर आलंय. जळका वास येतोय. एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतेय. कव्हरला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. यातलं काहीही असेल तर हात कोरडे असताना एमसीबी खाली करा आणि ओल्या युनिटला स्पर्श करू नका. पडणारा एमसीबी जोर लावून वर धरून ठेवणं, एसी एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघणं, असले प्रयोग घराला आग लावू शकतात. आउटडोअरचं कव्हर तर कधीच उघडू नका; आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, एमसीबी खाली केल्यावरही काही काळ वीज शिल्लक राहते.

युनिट भिंतीवरून हललंय, आउटडोअर उंचावर टांगलेला आहे, भिंतीच्या आत पाणी मुरतंय किंवा ड्रेनला पंप बसवलेला आहे आणि तो चालत नाही, या वेळीही थांबा. आणि पहिल्या चार तपासण्या करूनही आठवड्याच्या आत पुन्हा गळलं तर तेच तेच साफ करत बसू नका. कागदावर ओल कुठे पडली त्याचा फोटो, गळती एसी चालू असताना होते की बंद केल्यावर, बाटलीच्या चाचणीत काय झालं, एवढं सांगा. येणाऱ्या माणसाचा वेळ वाचतो आणि उगाच गॅसवर विषय जात नाही.

खिडकीतला एसी

त्याचं गणित वेगळं. तो मागच्या बाजूला एक-दोन सेंटिमीटर उतरता बसवलेला हवा. आत झुकला की पाणी खोलीत. पुष्कळ मॉडेलांत मागचा पंखा तळात साठलेलं पाणी गरम कॉइलवर उडवतो, त्यामुळे थोडा चुळचुळ आवाज आणि तळात थोडं पाणी हे ठरवूनच ठेवलेलं असतं. तो आवाज बंद करायला तळाला भोक पाडू नका.

दुरुस्तीनंतर

बाटलीची चाचणी पुन्हा एकदा करा. मग एमसीबी वर करून एसी २४ अंशांवर दोन तास चालवा, खाली नवे कोरडे कागद पसरून. बंद केल्यावर कागद लगेच उचलू नका. आणखी तासभर तसेच राहू द्या, कारण बर्फाचं पाणी तेव्हाच येतं. असं लागोपाठ दोन रात्री बघा. कागद दोन्ही वेळा कोरडा निघाला तर पुढच्या कव्हरच्या कडा दाबून नीट बसवा आणि फिल्टरची पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून टाका.